निलंबित फौजदार घरी काय करतो?

कोकणातल्या तीन अंकी सामाजिक नाटकात इन्स्पेक्टर बहुधा तिसऱ्या अंकात येतो. गावच्या जत्रेला, वाडीच्या सत्यनारायणाला किंवा शिमग्याच्या सुट्टीत चाकरमान्यांचं मंडळ जे नाटक बसवतं, त्यात त्याचं काम ठरलेलं असतं. गणवेश भाड्याचा आणि खांद्यावर ढगळ. एका खांद्यावर दोन स्टार आणि दुसऱ्यावर तीन असले तरी कुणी मोजत नाही. आमदाराचा फोन येतो, इन्स्पेक्टर ऐकत नाही. मग वरचे साहेब येऊन त्याला सस्पेंड करतात आणि तो टोपी, पट्टा, पिस्तूल टेबलावर आपटून म्हणतो, आता माझ्या अंगावर वर्दी नाही, आता बघतोच एकेकाला. इथे टाळी हमखास. दोन मिनिटांत तो साध्या शर्टात विंगेतून परत येतो, आमदाराच्या पोराला बुकलतो आणि पडदा पडतो.

सिनेमात खर्च मोठा, वेब मालिकेत शिव्या जास्त, पण गोष्ट हीच. माझी तक्रार त्या टाळीबद्दल नाही. रात्री दोन वाजता पटांगणात गारठलेल्या माणसांना एक टाळी मिळालीच पाहिजे. तक्रार त्या टाळीमागच्या समजुतीबद्दल आहे. या गोष्टींत निलंबन म्हणजे नायकाची सुटका. वर्दी होती तोवर कायद्याने हात बांधले होते, वर्दी उतरली आणि न्याय करायला तो मोकळा झाला. राजीनाम्याचंही तेच. म्हणजे कायदा ही अडगळ आणि ती दूर सारणारा तोच खरा पोलीस. हे इतक्या वेळा पाहिलंय की आता ते आपल्याला गोष्टीतलं वाटतच नाही, अनुभवातलं वाटतं. लेखकांनी काल्पनिक फौजदार हवे तेवढे निलंबित करावेत. फक्त एकदा निलंबित केल्यावर त्याला निलंबितच ठेवावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

मुळात निलंबन ही शिक्षाच नव्हे. चौकशीत ढवळाढवळ होऊ नये, साक्षीदारांवर दडपण येऊ नये म्हणून माणसाला तात्पुरतं बाजूला ठेवायचं, असा त्याचा कायदेशीर अर्थ. नोकरी जात नाही. पहिल्या तीन महिन्यांत साधारण निम्म्या पगाराइतका निर्वाहभत्ता आणि त्यावर महागाई भत्ता मिळतो. चौकशी लांबली आणि त्यात त्याचा दोष नसेल, तर तो भत्ता पाऊण पगारापर्यंत वाढवता येतो. एक मुख्यालय नेमून देतात आणि परवानगीशिवाय ते सोडता येत नाही. हजेरी द्यावी लागते. दुसरीकडे नोकरी-धंदा करत नाही, असं लिहून द्यावं लागतं. शिस्तीचे सगळे नियम जसेच्या तसे लागू राहतात. म्हणजे वर्दी उतरलेला फौजदार आधीपेक्षा जास्त बांधलेला असतो. त्याने त्या आमदाराच्या पोराला खरोखरच बुकललं, तर कर्तव्यावरच्या माणसाला मिळणारं संरक्षणही त्याला नाही. दुसरी चौकशी लागेल, वर मारहाणीचा सरळ गुन्हा.

समजा, सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावरच्या एका ठाण्यात एक फौजदार आहे. नाव कशाला, फौजदारच म्हणू. गोव्याहून बांद्यामार्गे येणारा गोवा बनावटीच्या दारूचा टेम्पो त्याने रात्री अडवला. पंच बोलावले, खोके मोजले, पंचनामा केला. टेम्पो कुणाचा, हे ठाण्यातल्या झाडूवाल्यालाही माहीत. नाटकात इथे मंत्र्याचा फोन येतो. प्रत्यक्षात फोनचीही गरज नसते. काही दिवसांनी मुद्देमालाची तपासणी निघते आणि पंचनाम्यातल्या आकड्यापेक्षा चार खोके कमी भरतात. ते कुणी नेले, खोलीची किल्ली कुणाकडे होती, नोंदवहीत सही कुणाची, हे प्रश्न नंतरचे. आदेश आज निघतो. कर्तव्यात कसूर, संशयास्पद वर्तन, सबब निलंबित. निलंबन काळातलं मुख्यालय जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला.

आता हा माणूस करतो काय? पिस्तूल जमा, ओळखपत्र जमा. बायको-मुलं ठाण्याच्या गावातल्या क्वार्टरमध्ये, हा ओरोसला. पतसंस्थेच्या कर्जाचा हप्ता पूर्वीएवढाच, पगार निम्मा. मोठी मुलगी बारावीला. भावाची देवगडला हापूसची कलमं आहेत. एप्रिलमध्ये तिथे जाऊन पेट्या भरू लागला, तर मदत कुठे संपते आणि धंदा कुठे सुरू होतो, हे त्याला स्वतःला ठाऊक नसतं, पण त्याच्यावर नजर ठेवून असलेल्या माणसाला पक्कं ठाऊक असतं. मग चतुर्थी येते. कोकणातला माणूस कंपनीच्या साहेबाशी भांडून, रेल्वेच्या दारात उभा राहून गणपतीला घरी पोचतो. याला ओरोसहून शेजारच्या तालुक्यातल्या घरी जायला अर्ज करायचा असतो आणि कारणाच्या रकान्यात काहीतरी लिहायचं असतं. परवानगी मिळते बहुधा. पण ती मागावी लागते, आणि ज्याच्याकडे मागायची तो साहेब महिन्यापूर्वी याला नावाने हाक मारायचा.

गावात निकाल तर केव्हाच लागलेला असतो. अर्धे म्हणतात, ‘आयकलो नाय म्हणान घराक बसयल्यानी.’ उरलेले म्हणतात, ‘खाल्ल्यान असतलो.’ दोन्ही बाजूंना खोक्यांचा हिशेब माहीत नाही. सगळ्यात वाईट म्हणजे तो खुलासाही करू शकत नाही. पोलिसांच्या हक्कांवर मर्यादा घालणारा १९६६ चा केंद्रीय कायदा त्याला परवानगीशिवाय संघटना काढू देत नाही आणि वर्तमानपत्रांशी मनमोकळं बोलूही देत नाही. पडद्यावरचा निलंबित अधिकारी ज्या पत्रकार परिषदेत गौप्यस्फोट करतो, ती खऱ्या आयुष्यात त्याच्या दोषारोपपत्रातली एक नवी बाब झाली असती.

दोषारोपपत्रावरून आठवलं. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितलं की तीन महिन्यांत दोषारोपपत्र दिलं नाही, तर निलंबन पुढे रेटू नये. चांगला निकाल आहे, आणि तो आला यावरूनच आधी काय चालत असेल याची कल्पना यावी. आपल्या फौजदाराला समजा मुदतीच्या तोंडावर ते मिळालं. मग विभागीय चौकशी. चौकशी अधिकारी, सादरकर्ता अधिकारी, कागदांच्या प्रती, तारखा. सरकारी बाजूचा मुख्य साक्षीदार कोण, तर मुद्देमालाची नोंदवही सांभाळणारा हवालदार. फौजदाराबरोबर याने नाकाबंदीच्या रात्री काढल्या आहेत, त्याच्या डब्यातली भाकरी खाल्ली आहे. हवालदाराच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली आहेत.

नाटक इथे आहे, हे मला कुणा लेखकाला सांगावं लागू नये. पण आमच्याकडची बहुतेक नाटकं आणि सिनेमे याच ठिकाणी उठून निघून जातात.

राजीनाम्याबद्दल फार लिहायला नको, कारण तो गोष्टींत जितका दिसतो तितका प्रत्यक्षात दिसत नाही, आणि कारणं सरळ आहेत. शिपाई-फौजदाराला मनात आलं म्हणून नोकरी सोडता येत नाही. वरिष्ठांची लेखी परवानगी लागते आणि चौकशी चालू असेल तर राजीनामा सहसा अडवून ठेवतात. सोडलीच, तर निवृत्तिवेतनाच्या नियमांनुसार मागची सेवा बुडते. म्हणून कंटाळलेले लोक वीस वर्षं पुरी व्हायची वाट बघतात आणि स्वेच्छानिवृत्ती घेतात. पोलिसात लागलेल्या माणसाच्या पगारावर गावात चिऱ्याचं घर उभं राहिलेलं असतं, धाकट्या बहिणीचं लग्न झालेलं असतं. त्याने तत्त्वासाठी बिल्ला फेकावा असं आपल्याला खुर्चीत बसून वाटतं. त्याच्या आईला विचारा.

पण राजीनाम्याच्या गोष्टीत मला याहून मोठी खोट दिसते. प्रामाणिक माणूस बाहेर पडला की लेखक त्याच्या मागे बाहेर पडतो. ठाण्यात मागे काय झालं, हे आपल्याला कळतच नाही. त्या खुर्चीत दुसऱ्या दिवशी कुणीतरी बसलं असणार, चार्ज घेतला असणार, तोच टेम्पो पुन्हा बांद्यावरून आला असणार. नव्या फौजदाराने काय केलं? या प्रश्नात आपल्याला, म्हणजे त्या ठाण्याच्या हद्दीत राहणाऱ्यांना, रस असायला हवा. गेलेल्या माणसाच्या शुद्धतेने आमच्या खाडीतला वाळूउपसा थांबत नाही.

‘जंजीर’ १९७३ चा. त्यातला इन्स्पेक्टर लाचेच्या खोट्या आरोपात तुरुंगात जातो, बाहेर येतो आणि मग सूड त्याचा खाजगी होतो. या मापाचे कपडे पुढे कित्येकांना शिवले गेले. दहा वर्षांनी ‘अर्धसत्य’ आला. श्री. दा. पानवलकरांची मराठी कथा, तेंडुलकरांची पटकथा. त्यातल्या फौजदार अनंत वेलणकरच्या हातून कोठडीत एक भुरटा चोर मार खाऊन मरतो आणि नोकरी वाचवण्यासाठी तो ज्याच्याविरुद्ध लढला त्याच गुंड रामा शेट्टीच्या दारात जातो. शेवटी तो शेट्टीला मारतो, पण नंतर स्वतःहून ठाण्यात जाऊन हजर होतो. हे हजर होणं फार महत्त्वाचं आहे. वेलणकरवर कारवाई येते ती अन्याय म्हणून नाही. कोठडीत खरंच माणूस मेलाय, आणि प्रेक्षकाला वेलणकर आवडत असूनही ते विसरू दिलं जात नाही. नंतरच्या सिनेमांनी त्याचा राग तेवढा उचलला, कोठडीतला मृतदेह टाकून दिला.

‘सिंघम’ (२०११) मराठी माणसाच्या जिव्हाळ्याचा, आणि घडतो आपल्या दाराशी, गोव्यात. त्यातला मला सगळ्यात खरा वाटलेला पोलीस सुरुवातीलाच मरतो. भ्रष्टाचाराचा खोटा आळ आलेला इन्स्पेक्टर कदम स्वतःवर गोळी झाडून घेतो आणि त्याची बायको नवऱ्याच्या नावावरचा डाग पुसायला दारोदार फिरते. एवढ्यावर अख्खा सिनेमा झाला असता. पण तिची लढाई कागदांची आणि दरवाज्यांची, त्यामुळे ती सिंघमच्या हाती सोपवली जाते आणि तो ती पोलिसांचा जमाव घेऊन खलनायकाच्या घरात शिरून संपवतो. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी सप्टेंबर २०२३ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयात असताना, एका भाषणात याच शेवटावर बोट ठेवलं होतं. कायद्याच्या प्रक्रियेबद्दल अधीर झालेला हा संदेश घातक आहे, असा त्यांचा रोख होता. त्यावर बरीच टर उडवली गेली. मला ते भाषण मवाळच वाटलं.

कारण याचे परिणाम पडद्यापुरते राहत नाहीत. कोणत्याही मोर्चातली पहिली मागणी ऐका. फौजदाराला निलंबित करा. दाखल न झालेली फिर्याद दाखल करा ही मागणी दुसरी किंवा तिसरी. मंत्रीही ते ओळखून आहेत. सभागृहात निलंबनाची घोषणा झाली की बाकं वाजतात, बातमी होते आणि विषय मिटतो. पुढे तो अधिकारी कधी परत आला, चौकशीत काय निघालं, हे कुणी विचारत नाही. २०२१ च्या डिसेंबरमध्ये मुंबईच्या एका माजी पोलीस आयुक्तांचं निलंबन झालं तेव्हा राज्यभर चर्चा होती. २०२३ मध्ये सरकार बदललेलं होतं. नव्या सरकारने ते निलंबन मागे घेतलं आणि तो सगळा काळ कर्तव्यावरचा धरला, तेव्हा चर्चा त्यामानाने किती थोडी झाली! आधीचं बरोबर की नंतरचं, हा वाद बाजूला ठेवू. निलंबनाची बातमी आपण शेवट म्हणून वाचतो, तो शेवट नसतो.

बदलापूरचं उदाहरण अधिक बोचरं आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये शाळकरी मुलींवरच्या अत्याचाराची फिर्याद घ्यायला उशीर केला म्हणून पोलीस निलंबित झाले. रास्त होतं, खरं तर थोडंच होतं. महिन्याभरात त्या प्रकरणातला आरोपी पोलिसांच्या गाडीत, पोलिसांच्या गोळीने मेला आणि अभिनंदनाचे फलक लागले. जानेवारी २०२५ मध्ये न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने गाडीतल्या पाच पोलिसांना त्या मृत्यूला जबाबदार धरलं. फिर्याद वेळेवर लिहिणं हे पोलिसाचं काम, ते न करणाऱ्याचा आपल्याला राग येतो. गोळी झाडून खटलाच संपवणं हे त्याचं काम नाही, तिथे आपण पेढे वाटतो. हे दोन्ही एकाच गावात, एकाच ऋतूत घडलं. ही अक्कल आपल्याला तिसऱ्या अंकाने शिकवली नाही, असं छातीवर हात ठेवून म्हणता येईल का?

किनाऱ्यावरच्या माणसांना तर हे अधिक कळायला हवं. फेब्रुवारी १९९३ मध्ये श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीला आरडीएक्स उतरलं आणि १२ मार्चला मुंबईत २५७ माणसं मेली. त्या खटल्यात कस्टम्सचे अधिकारी दोषी ठरले, तसे रायगडातले पोलीसही. माल रस्त्याने गेला तो अडवणारे हात नव्हते म्हणून नव्हे, सोडणारे हात होते म्हणून. त्या रस्त्यावर कुणा शूरवीराने वर्दी फेकायची गरज नव्हती. कुणीतरी वर्दी घालून, नाक्यावर उभं राहून, गाडी उघडून बघायची आणि स्टेशन डायरीत नोंद करायची गरज होती. एवढ्या साध्या कामाला गोष्टीत टाळी नाही.

आणि गैरसोयीच्या माणसाला हटवायचं, तर बहुतेकदा निलंबनापर्यंत जावंही लागत नाही. त्याला ‘कंट्रोलला जोडतात’. नियंत्रण कक्षात खुर्ची, पगार पूर्ण, काम शून्य, आदेशात कारण नाही म्हणून दाद मागायला जागा नाही. पोलीस ठाण्यातला कार्यकाळ साधारण दोन वर्षांचा असावा असं कायद्यात लिहिलंय. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या निकालानंतर २०१४ मध्ये झालेल्या दुरुस्तीतून ते आलं. त्याच दुरुस्तीतून पोलीस तक्रार प्राधिकरणही आलं, जिथे पोलिसाविरुद्ध सामान्य माणसाने जायचं असतं. मी आजवर एकाही नाटकातल्या म्हाताऱ्या बापाला त्या प्राधिकरणाच्या दारात गेलेलं पाहिलेलं नाही. तो नेहमी इन्स्पेक्टरच्या पाया पडतो.

यावर ठरलेलं उत्तर मिळतं, करमणूक आहे, लोकांना कळतं. दशावताराचा दाखला देतात. संकासूर रंगून येतो, धिंगाणा घालतो, पण प्रयोगाआधी तोच बाप्या देवळामागे विडी ओढताना पोरांनीही पाहिलेला असतो. त्याला कुणी खरा राक्षस मानत नाही. बरोबर. पण संकासुराशी आपली गाठ एरवी पडत नाही. पोलिसाशी पडते, आणि पडते तेव्हा आपण घाबरलेले असतो, हरवलेल्या मोबाईलची तक्रार असो नाहीतर घरातली मारामारी. कोकणातले कितीतरी लोक आयुष्यभर ठाण्याची पायरी चढत नाहीत आणि त्याचा अभिमान बाळगतात. त्यांनी पोलीस पाहिलेला असतो तो मंचावर किंवा पडद्यावर. मग ठाण्यात गेल्यावर ते त्या साच्यातला माणूस शोधतात. तिथला बिचारा कलमं धुंडाळत बसलेला अंमलदार त्यांना नेभळट वाटतो, आणि कानाखाली वाजवणारा खमक्या.

दुसरं उत्तर लेखकांचं. चौकशी, कागद, साक्षी हे सगळं कंटाळवाणं, प्रेक्षक उठून जातील. हे कोकणात तरी कुणी बोलू नये. ज्यांच्या सात-बाऱ्यावर पन्नास नावं आहेत, ज्यांच्या आजोबांनी लावलेला वाटणीचा दावा नातू चालवतोय, कुळकायद्याची कलमं ज्यांना आरतीसारखी पाठ आहेत, त्यांना साक्ष-उलटतपासणीत रस नाही? एका फणसाच्या मालकीवरून उभ्या जन्माचं वैर धरणारा प्रेक्षक चार खोक्यांच्या हिशेबाला जागेल. न्यायालयाच्या आवारात चहा पिताना आमचे लोक दुसऱ्याच्या खटल्यावर जितक्या बारकाईने बोलतात, तितक्या बारकाईने मी समीक्षकांनाही बोलताना ऐकलेलं नाही.

आमच्या फौजदाराकडे परत येतो, कारण त्याला मी फार निष्पाप रंगवलंय आणि ते सोयीचं आहे. खरा लेखक त्याला तसा सोडणार नाही. टेम्पो त्याने पकडला हे खरं, खोके त्याने खाल्ले नाहीत हेही खरं. पण त्याच वर्षी मच्छीमारांच्या भांडणात त्याने एका खलाशाला कोठडीत इतकं मारलं होतं की पोराचा कान गेला, आणि त्याबद्दल त्याला कुणी काही विचारलं नव्हतं. जे त्याने केलं नाही त्यासाठी तो निलंबित आहे. जे केलं त्यासाठी त्याला शाबासकी मिळाली होती. ओरोसच्या भाड्याच्या खोलीत त्याला त्या पोराची आठवण येते की नाही, मला माहीत नाही. खलाशाच्या आईने मात्र निलंबनाची बातमी ऐकून देवाला नारळ दिला. तिच्या दृष्टीने न्याय झाला. चुकीच्या गुन्ह्यासाठी झाला, एवढंच.

राज्य नाट्य स्पर्धेला रत्नागिरी केंद्रावर आमची मंडळं दरवर्षी हिरिरीने उतरतात. त्यांच्यापैकी कुणीतरी हे घ्यावं. पहिला अंक टेम्पोचा, हवा तितका गोंधळ घाला. दुसरा सगळा ओरोसचा. तिसऱ्यात चौकशीची खोली, समोर हवालदार. खरं सांगितलं तर नोंदवहीतली सही कुणाच्या सांगण्यावरून बदलली ते सांगावं लागेल आणि दोन वर्षांवर आलेली पेन्शन अडकेल. खोटं सांगितलं तर शेजारी बसलेला माणूस बडतर्फ होईल. आणि त्याला हेही माहीत आहे की खलाशाला मारताना कोठडीचं दार धरून तोच उभा होता, त्यामुळे या माणसाला वाचवावं की नाही, हेही त्याला नीट ठरवता येत नाही. टेबल एक, खुर्च्या चार, पंखा असला तर बरं. नेपथ्याचा खर्च कुठल्याही वाडीला झेपेल.